एकतिसावी गाडी

माया आष्ट्याची. नवरा अमृत सैन्यात, वर्षातून दोनदा रजेवर यायचा. घरी सासू मनुबाई, थोडा ऊस, आणि दारात एक पांढरा छोटा ट्रक, विजेवर चालणारा. कंपनीने ही गाडी बाजारात आणली तेव्हा पहिल्या शंभर गाड्या सातारा-सांगली भागातच विकल्या. मायाची त्यांतली एकतिसावी. दाराच्या आतल्या बाजूला तशी पट्टीच होती, आणि कुणी नवीन माणूस गाडीत बसला की माया ती पट्टी आधी दाखवायची.

खरं तर ती आणि अमृत साताऱ्याला गेले होते डिझेलची गाडी बघायला. शेजारच्या शोरूमपुढे ही उभी होती म्हणून माया सहज बसून बघायला गेली. ट्रॅक्टर ती लग्नाआधीपासून चालवत होती. ट्रॅक्टरवरून उतरलं की तासभर कानात घरघर राहायची, त्यामुळे गाडी म्हणजे आवाज, हे तिने धरूनच ठेवलं होतं. इथे क्लच नाही, गिअर नाही, आणि रस्त्याला लागल्यावर मागच्या उघड्या हौद्यात उभ्या असलेल्या माणसाचं बोलणं पुढे स्पष्ट ऐकू आलं. परत येईपर्यंत तिचं ठरलं होतं. अमृत म्हणाला, नवीन वस्तू आहे, वर्षभर थांबू, लोक काय म्हणतात बघू. माया थांबली नाही.

हंगामात ती तासगाव भागातली द्राक्षं शीतगृहात पोचवायची, मग बेदाण्याच्या पेट्या, आणि एरवी आष्ट्याची भाजी सांगलीच्या बाजारात. काम भरपूर होतं. बाई स्वतः ट्रक चालवते म्हणून सुरुवातीला लोक बघायचे, नंतर बघेनासे झाले.

पण गाडी थांबायची. ऊन तापलं आणि चढ लागला की समोरच्या पडद्यावर एक पिवळं कासव उमटायचं. म्हणजे बॅटरी तापली, आता गाडी हळूच चालणार. तरी रेटली तर पडदा लाल व्हायचा आणि गाडी जागच्या जागी बंद. मग किल्ली काढायची, पुढच्या छोट्या बॅटरीची वायर सोडवायची, दहा मिनिटं थांबायचं, वायर परत लावायची. बहुतेक वेळा चालू व्हायची. पावसाळ्यात वेगळं दुखणं. चार्जिंगच्या तोंडात ओल शिरली की गाडी वीजच घ्यायची नाही, मग माया केस वाळवायचं यंत्र घेऊन तिच्यापुढे उकिडवी बसायची.

कंपनीची प्रांजल नावाची इंजिनिअर मुलगी होती, साताऱ्याची. फोन केला की ती लॅपटॉप घेऊन यायची, गाडीखाली झोपायची, आणि मायाचं बोलणं लिहून घ्यायची. कुठल्या चढाला, किती वाजता, किती माल होता. दोनदा मायाने सांगितलेली गोष्ट पुढच्या गाड्यांत सुधारली गेली. प्रांजलने ते सांगितलं तेव्हा मायाला, अमृतला बढती मिळाल्यावर झाला होता तसा आनंद झाला.

पहिल्या शंभर गाडीवाल्यांचा फोनवर एक ग्रुप होता. कुणाची गाडी अडकली की जवळचा जो असेल तो जायचा. उंब्रजचे आप्पासो त्यांत वडीलधारे. डिझेलवाले चेष्टा करायचे, कासव आलं का म्हणून विचारायचे. त्या चेष्टेने ही माणसं अधिकच एक झाली. गाडीला नावं ठेवलेली त्यांतल्या कुणालाच खपायची नाहीत.

शोरूममधला विश्वजित नव्या गिऱ्हाइकांना मायाचा नंबर द्यायचा. एक बाई वर्षभर चालवतेय, तिलाच विचारा. लोक विचारायचे. माया सांगायची, गाडी चांगली आहे, घ्या. तिच्या सांगण्यावरून आठ जणांनी घेतली. आठवा जोतीराम.

जोतीराम आटपाडीकडच्या माळावरचा. घरचा धंदा पिढ्यानपिढ्या मेंढरांचा, आता थोडं डाळिंबही होतं. तो मेंढरं बाजारात आणि व्यापाऱ्यांकडे पोचवायचा. या गाडीला आवाज नाही, जनावर बिचकत नाही, हे त्याने कुणाकडून तरी ऐकलं होतं. फोनवर त्याने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. एकच प्रश्न विचारला.

"ताई, वाटंत बंद तर पडत न्हाई न्हवं?"

माया म्हणाली, "न्हाई. नीट वागवली की काय करत न्हाई."

तोवर तिची गाडी अकरा वेळा रस्त्यात बंद पडली होती. आपण खोटं बोलतोय असं तिला त्या वेळी वाटलंच नाही.

गेल्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी दीडच्या सुमाराला, ती तासगावजवळ एका शेडवर बेदाण्याच्या पेट्या भरून घेत होती. जोतीरामचा फोन आला. तासगावच्या एका व्यापाऱ्याकडे बावीस मेंढरं घेऊन तो निघाला होता, बरोबर आई धोंडुबाई. भिवघाटाच्या चढाला कासव आलं, लाल झालं, आणि गाडी बंद पडली. कंपनीच्या नंबरवर सांगितलं होतं की साताऱ्याहून माणूस यायला चार तास लागतील.

मायाने त्याला वायर सोडवायला सांगितली. ती अगदी शांत होती. अकरा वेळा केलेलं काम होतं.

"मेंढरं खाली उतरवू का?" जोतीरामने विचारलं.

"नका उतरवू. रस्त्यावर पांगतील. दहा मिनिटांत चालू हुती बघा."

दहा मिनिटांनी फोन आला, झाली नाही. मायाने परत एकदा तेच करायला सांगितलं, या वेळी पंधरा मिनिटं थांबा म्हणाली. मेंढरं धापा टाकतायत, असं तो म्हणाला. आता होईल, असं ती म्हणाली. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. तिने केला तर उचलला नाही. परत केला. मग तिने भरलेल्या पेट्या उतरवायला सांगितल्या. शेडवाला चिडला, काय चाललंय म्हणाला, तिने उत्तर न देता स्वतःच पेट्या खाली घ्यायला सुरुवात केली.

भिवघाटाच्या रस्त्याने ती दर दोन मिनिटांनी फोनकडे बघत होती. आणि चढ सुरू झाल्यावर तिच्याही पडद्यावर कासव उमटलं.

तिने गाडी एका लिंबाखाली घेतली. बंद केली. आता वीस मिनिटं थांबायलाच हवं होतं. ती खाली उतरली, परत बसली, परत उतरली. रिकाम्या हौद्याला उन्हाचा चटका बसत होता. हात लावला आणि मागे घेतला. रिकाम्या हौद्यात ही गत, तर ताडपत्री घातलेल्या हौद्यात दाटीवाटीने उभ्या असलेल्या बावीस मेंढरांची काय असेल, हे तिच्या तेव्हा डोक्यात आलं. पंचवीस मिनिटं आपण त्याला आत कोंडून ठेवायला सांगितलं. ती शंभरेक पावलं पायी चालत वर गेली, मग गाडी सोडून आपण कुठे चाललोय हे कळून धावत परत आली. वीस मिनिटं व्हायच्या आतच तिने किल्ली फिरवली. गाडी चालू झाली.

जोतीरामची गाडी वळणाजवळ कडेला उभी होती. मागचं फळकं उघडं. जवळच्या वस्तीवरच्या दोघातिघांनी मिळून मेंढरं बाभळीच्या सावलीत नेली होती, घमेल्यातून पाणी पाजत होते. एकोणीस मेंढरं होती. तीन जरा पलीकडे आडवी पडलेली, आणि त्यांच्यापाशी धोंडुबाई पदराने वारा घालत बसलेली. ती मेली आहेत हे तिला कळत नव्हतं असं नाही.

जोतीराम तिशीचा, सडपातळ माणूस. मायाला तो पहिल्यांदाच बघत होता. त्याचा शर्ट खांद्यापासून खालपर्यंत भिजला होता. ती शिव्या खायच्या तयारीने उभी राहिली.

त्याने विचारलं, "तुमची पण अशीच बंद पडती?"

"व्हय."

"किती येळा?"

"अकरा."

"मग मी इचारलं तवा का न्हाई सांगितलं?"

मायाला सांगता आलं असतं की घाई होती, की तिला वाटलं उन्हाळ्यातच होतं, की कंपनीने सुधारलं म्हणून कळवलं होतं. ती म्हणाली, "मला ते बंद पडणं वाटायचंच न्हाई. सवय झालीया."

तीन मेंढरं पुरायला वस्तीवरच्या माणसांनी जागा दाखवली. राहिलेली एकोणीस जोतीरामने एकेक करून मायाच्या हौद्यात चढवली, ताडपत्री न घालता. व्यापाऱ्याकडे आता जायचं नाही, जनावरं हबकलीत, घरी न्या, असं धोंडुबाईने सांगितलं. जोतीराम आपल्या गाडीपाशी थांबला. धोंडुबाई मायाशेजारी बसली.

वाटेत म्हातारी मध्येच मागे वळून जाळीतून मेंढरांकडे बघायची. मग तिने मायाला पोरंबाळं किती, नवरा कुठे, असं विचारलं. मायाने सांगितलं. आणि मग न राहवून म्हणाली, "मावशी, माझ्यामुळं गेली ती."

धोंडुबाई म्हणाली, "आमच्यात बी एखादं लंगडं मेंढरू असतंय. आपलं म्हणून ठेवतो आमी, संबाळतो. पर दुसऱ्याला देताना सांगतो, बाबा, लंगडं हाय."

तेवढं बोलून तिने पुढे बघायला सुरुवात केली. गावात पोचल्यावर तिने मायाला चहा प्यायल्याशिवाय सोडलं नाही.

त्यानंतर मायाला घरात बसवेना आणि गाडीतही बसवेना. मनुबाईने दोनदा विचारलं, अंगात कसर आहे का. अमृतचा फोन आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, गाडी बंद पडली त्यात तुझा काय दोष. तिला ते पटलं नाही. बंद पडण्यात दोष नव्हताच, दोष पुढच्या पंचवीस मिनिटांत होता, आणि त्याच्याही आधीच्या एका वाक्यात. तिने बाकीच्या सात जणांना फोन केले. एकेकाला सांगितलं, चढाला कासव आलं तर रेटू नका, आणि हौद्यात जीव असेल तर आधी खाली उतरवा. दोघं म्हणाले, हे आधी सांगायला पाहिजे होतं. एकाने फोन मध्येच ठेवला.

ग्रुपवर तिने झालेला प्रकार लिहिला आणि प्रत्येकाने आपापली गाडी किती वेळा बंद पडली ते लिहावं असं सुचवलं. सहा जणांनी लिहिलं. बाकीचे गप्प. आप्पासोंचा फोन आला. आपल्यातलं आपल्यात ठेवावं, असं त्यांचं म्हणणं. कंपनी नवीन आहे, आपणच बोंब मारली तर ती बुडेल, आणि मग सुटे भाग कोण देणार? त्यांचं अगदीच चुकत होतं असं मायालाही वाटेना. म्हणून तर तिची झोप उडाली होती.

जूनच्या सुरुवातीला विश्वजितने निरोप दिला. साताऱ्याला एका हॉलमध्ये कंपनीचा कार्यक्रम होता, नवीन मॉडेल दाखवायचं होतं, पुण्याहून मोठे साहेब येणार होते. जुन्या गिऱ्हाइकांतर्फे मायाने दोन शब्द बोलावेत. तिने त्याला आधीच सांगितलं की मी मेंढरांचं सांगणार. विश्वजित हसला. त्याला वाटलं ती गमतीने म्हणतेय.

ती उभी राहिली, पण माईक तिने टेबलावरच राहू दिला. तिने सांगितलं, माझी गाडी एकतिसावी. मला ती आवडते. मी ती विकणार नाही. ती अकरा वेळा बंद पडली आहे, आणि ते मी आठ जणांना सांगितलं नाही. मग तिने कुठल्या चढाला, कुठल्या महिन्यात, हे सगळं ओळीने सांगितलं, जसं ती प्रांजलला सांगायची. शेवटी भिवघाट. आप्पासो दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसले होते. विश्वजित बाहेर निघून गेला.

पुण्याचे साहेब चिडले नाहीत. त्यांनी मागे वळून विचारलं, "हे आपल्याकडे नोंदवलेलं आहे का?"

भिंतीशी उभी असलेली प्रांजल म्हणाली, "आहे, सर. सगळं आहे. वर्षभर पाठवतेय मी."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. जेवणाच्या वेळी मायाच्या टेबलावर प्रांजल सोडून कुणी बसलं नाही. प्रांजल म्हणाली, ताई, आता माझी नोकरी राहते की जाते बघायची. नंतर ती राहिली, पण त्या दुपारी दोघींनाही ते माहीत नव्हतं.

दोन महिन्यांनी पत्र आलं. जुनी बॅटरी असलेल्या सगळ्या गाड्यांना एकतर नवीन बॅटरी बसवून मिळेल, नाहीतर गाडी कंपनी परत घेईल. ज्याची त्याची मर्जी. आप्पासोंनी ग्रुपवर पत्राचा फोटो टाकला, खाली काही लिहिलं नाही. त्यांनी मायाला फोनही केला नाही.

फोन जोतीरामने केला. एप्रिलनंतर पहिल्यांदाच. गाडी परत द्यायला साताऱ्याला जायचं होतं. वाटेत बंद पडली तर मागे कुणीतरी असावं, आईपण बरोबर येतेय. माया म्हणाली, येते.

विट्यात तिने त्याला गाठलं. तिथून कऱ्हाड, कऱ्हाडहून महामार्गाने सातारा. सबंध वाट ती त्याच्या मागच्या दिव्यांकडे बघत राहिली. चढ आला की तिचा पाय आपोआप आखडायचा. आता थांबेल, आता थांबेल. कऱ्हाडला चार्जिंगला लावली तर पहिल्या झटक्यात वीज घेतली. उंब्रज मागे पडलं, नागठाणे मागे पडलं. गाडी थांबली नाही. एकदाही नाही, कासवसुद्धा उमटलं नाही.

शोरूमच्या फाटकापाशी जोतीरामने गाडी बाहेरच उभी केली. तो उतरून मायाच्या खिडकीशी आला. किल्ली मुठीत घट्ट धरलेली.

"ताई, कशी आली बघितलं न्हवं? लोण्यावाणी. घाटात सुदिक काय कुरकुर न्हाई." त्याने आपल्या गाडीकडे वळून बघितलं. "मेंढरं हिच्यात लय गप बसत्यात. दुसरीत तसं न्हाई बसायची. नवी बॅटरी घालून ठिवू का?"

मायाला हो म्हणायचं होतं. ठेवा, बघा, प्रांजल आहे, सुधारत जाईल, आम्ही आहोत, हे सगळं तिच्या ओठावर आलं होतं. नव्वद टक्के ते खरंही ठरलं असतं. समोर जोतीराम वाट बघत होता, आणि ती जे म्हणेल तेच करणार हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मेंढरं मेल्यावरही त्याने तिलाच विचारावं, हे तिला सोसवेना.

"दिऊन टाका," ती म्हणाली. "जोतीराम, दिऊन टाका. नवी बॅटरी चांगली असंल, पर मला अजून ठावं न्हाई. ठावं नसताना मी सांगणार न्हाई."

तो किल्ली घेऊन आत गेला.

सह्या व्हायला अर्धा तास लागला. विश्वजितने मायाकडे बघायचं टाळलं, पण धोंडुबाईला पाणी आणून दिलं. परतताना तिघं मायाच्या गाडीत. धोंडुबाई मध्ये बसून पेंगत होती. जोतीराम बाहेर बघत होता. कऱ्हाडच्या जरा अलीकडे त्याने सांगितलं की डिझेलची एक जुनी गाडी त्याने बघून ठेवली आहे. आवाज फार करते, पण चालेल.

कऱ्हाडच्या स्टँडजवळ उतरल्यावर त्याने विचारलं, "तुमी तुमची कवा देणार?"

"मी न्हाई देणार."

"मला तर द्या म्हणालासा."

"तुमच्या हौद्यात जीव असत्यात. माझ्या हौद्यात बेदाणा. त्यो वाटंत मरत न्हाई." मग तिला ते अपुरं वाटलं आणि ती म्हणाली, "आन मला सोडवत न्हाई. तेवढंच."

जोतीराम हसला. तिने त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. आईचा हात धरून तो आटपाडीच्या एसटीकडे निघाला.

मायाच्या गाडीला ऑगस्टमध्ये नवीन बॅटरी बसली. विश्वजितने तिचा नंबर द्यायचं बंद केलं, तरी तो लोकांपर्यंत पोचतोच. ती प्रत्येकाला सगळं सांगते, नव्या बॅटरीनंतर दोनदा थांबली त्यासकट. काही जण आभार मानून दुसरी गाडी घेतात. एकदोघांनी हीच घेतली. आप्पासो तिच्याशी अजून बोलत नाहीत.

दिवाळीत अमृत रजेवर आला. सांगलीला जाताना म्हणाला, आज मी चालवतो, तू निवांत बस. माया शेजारी बसली. पाच मिनिटं झाली नाहीत तोवर ती पुढे झुकून पडद्याकडे बघू लागली. अमृतने विचारलं, काय दिसतंय. काही नाही, ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली. दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस होता. रस्ता जरा वर चढला तशी तिची नजर परत पडद्यावर गेली. अमृतने वेग थोडा कमी केला.